"मला भूक नाही"

मूड गेला की शहरात आपण चिवड्याचा डबा उघडतो. त्याला 'इमोशनल ईटिंग' असं नावही आहे. आमच्या मोखाड्यात, सूर्यमाळच्या बाजूला, हिशोब उलटा. इथं काळजी लागली की बाई जेवणच सोडते.

पावसाळ्यात भात, नागली, वरई. दिवाळी सरली की निम्मा पाडा वीटभट्टीवर, भिवंडी-वसईकडे. घरात ताण आला की बाप गप्प होतो, नाहीतर घोटभर घेतो. ते सगळ्यांना दिसतं. आई सगळ्यांना वाढते आणि म्हणते, "मला भूक नाही." त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

१९९२-९३ मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभराहून जास्त बालकं दगावली, तेव्हा राज्य हादरलं. गरिबी, आजार, लांबचा दवाखाना अशी कारणं बरीच. पण कुपोषण सुरू होतं आईच्या पोटापासून. २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली: आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं चौरस जेवण, तेही अंगणवाडीत बसून. मला यातलं 'तिथं बसून' फार महत्त्वाचं वाटतं. शिधा घरी गेला असता, तर तिनं तो आधी सगळ्यांना वाढला असता.

योजनेत त्रुटी आहेत, त्यावर भांडूच. पण आज तुमच्या घरी कुणी "भूक नाही" म्हणालं, तर एकदा विचारा: भूक नाही, की उरलं नाही, की मन भरून आलंय?