टकाचोराचे गोत्र

मेळघाटातल्या सागवनात कोतवाल, सुतार आणि सातभाई यांच्या मेळ्यात सामील होऊन जो लांब शेपटीचा पक्षी क्षणात कर्कश खरखर करतो आणि दुसऱ्याच क्षणी मंजुळ साद घालतो, तो टकाचोर. काळपट डोके, विटकरी अंग, पंखांवर राखी-पांढरा पट्टा आणि राखी शेपटीच्या टोकास काळी किनार, असे त्याचे रूप डोळा भरून पाहावे असे आहे. हा सोयऱ्याधायऱ्यांत रमणारा पक्षी काककुळातला, म्हणजे विलायतेतल्या ‘जे’ पक्ष्यांचा जवळचा भाऊबंद. परंतु साहेबाने ‘ब्लू जे’ हा किताब बहाल केला तो अकोल्याकडे कपाशीच्या रानात तारेवर बसून नाकतोडे टिपणाऱ्या नीलकंठास, ज्याचा कावळ्याशी सुतराम संबंध नाही.

या घोटाळ्याचे मूळ शास्त्राच्या दप्तरातच सापडते. लिनिअसने १७५८ साली नीलकंठाची नोंद कावळ्याच्या ‘कॉर्व्हस’ प्रजातीत केली, आणि १७९० साली लॅथमने टकाचोराचे वर्णन करताना त्या अस्सल काकवंशीयास ‘कोरॅसिअस’ प्रजातीत, म्हणजे आज जी नीलकंठाची समजली जाते तीत, दाखल केले. एकाची जमीन दुसऱ्याच्या खाती चढावी, तसा हा प्रकार. टकाचोराच्या नावे फेरफार झाला तो पुढे, गोल्डने १८३३ साली स्थापिलेल्या ‘डेंड्रोसिट्टा’ प्रजातीत. खरे पाहता या दाव्याचा निकाल घरट्यावरूनच लागण्यासारखा होता, कारण टकाचोर कावळ्यासारखे काटक्यांचे घरटे बांधून त्यात ठिपक्याठिपक्यांची अंडी घालतो, तर नीलकंठ झाडाच्या ढोलीत पांढरीशुभ्र अंडी घालून खंड्या आणि वेडा राघू यांच्याशी असलेले आपले नाते उघड करतो.

नीलकंठास उसन्या किताबाची गरजही नव्हती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ओषधिसूक्तात यक्ष्म्याला, म्हणजे क्षयाला, चाष पक्ष्याबरोबर उडून जाण्यास सांगितले आहे. तो चाष म्हणजेच हा, आणि मराठीत अद्यापि चास हे त्याचे नाव चालते. रोग घेऊन जाणाऱ्या पक्ष्याचे दर्शन शुभ ठरावे यात नवल नाही, आणि दसऱ्याला वऱ्हाडात माणसे त्याला शोधायला शिवारात जातात त्या रीतीमागे मला ही प्राचीन श्रद्धाच दिसते. काही ठिकाणी मात्र पारधी त्याला पकडून, पंख बांधून, पैशासाठी दारोदार दाखवीत हिंडतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि असे दर्शन घेणाऱ्याने त्या क्रौर्याची किंमतच चुकती केलेली असते.