जरीचा धागा आणि पाबळचा आश्रम

डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून 1983 साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. पोरांनी हाताने काम करत शिकावं आणि ते काम गावाच्या उपयोगी पडावं, एवढीच मूळ कल्पना. पुढे तिचे चार विभाग झाले: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन. प्रत्येकाने आळीपाळीने चारही शिकायचे. म्हणजे वेल्डिंग शिकणारा मुलगा शिवणयंत्रावरही बसणार आणि टाके घालणारी मुलगी घराचं वायरिंगही करणार. पाबळची घुमटाकार डोम-घरं सगळ्यांना माहीत असतात, पण मला या वेळापत्रकाचं अप्रूप जास्त. शिवण हा बायकांचा क्लास आणि सर्किट हे इंजिनिअरचं काम, ही वाटणी आपल्याकडे अजून सुटलेली नाही.

2002 साली पाबळला फॅब लॅब आली, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी हवी ती वस्तू बनवायची प्रयोगशाळा. अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शनफेल्ड यांच्या या कल्पनेतली, एमआयटीबाहेरची ही पहिलीच प्रयोगशाळा. आज जगभर अशा दोन हजारांहून जास्त आहेत. पुढच्याच वर्षी कलबाग गेले. आश्रम मात्र चालू राहिला.

आता थोडं मागे. हेच गर्शनफेल्ड 2000 साली ‘ई-ब्रॉयडरी’ या शोधनिबंधाचे एक लेखक होते. त्यासाठी रेहमी पोस्ट, मॅगी ऑर्थ या सहलेखकांनी आणि इतरांनी कापडातच सर्किट बसवण्याचे प्रयोग केले होते. डेनिमच्या जॅकेटवर स्टीलच्या तंतूंनी भरतकाम केलेले आकडे. त्यांवर बोट टेकलं की धाग्यावरचा विद्युतभार बदलतो, चिपला ते कळतं आणि जॅकेट वाजू लागतं. त्या प्रयोगांत त्यांनी एक कापड वापरलं होतं, रेशमाच्या धाग्याला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून विणलेलं ऑर्गन्झा. ते विणलं जात होतं भारतात. आपण ज्याला जरीकाम म्हणून ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवतो, त्याचीच ही जात.

कलाकारांच्या हातात हे तंत्र खऱ्या अर्थाने आलं ते 2007 मध्ये. अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञ लीआ बेकली यांचं ‘लिलीपॅड आर्डुइनो’ त्या वर्षी बाजारात आलं, म्हणजे आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डाचं कपड्यात शिवता येणारं रूप. पाच सेंटिमीटरची गोल चकती आणि कडेने पाकळ्यांसारखी भोकं. सोल्डरिंग नाही, चांदीचा मुलामा दिलेला किंवा स्टीलचा धागा भोकातून तीन-चार वेळा ओढून घट्ट करायचा. त्याच धाग्याने प्रकाशाचा, तापमानाचा, हालचालीचा सेन्सर जोडायचा. विणलेली वाहक पट्टी ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, म्हणून नर्तकीचं कोपर किती वाकलं हेही बाहीला समजतं. बेकली यांनी सायकलस्वारासाठी पाठीवर डावा-उजवा बाण उजळणारं जॅकेटही केलं. (स्वारगेटच्या जेधे चौकात हात दाखवून वळणाऱ्याला ते आजच हवं आहे.)

2010 मध्ये बेकली आणि बेंजामिन मॅको हिल यांनी लोकांनी केलेले प्रकल्प तपासले. साध्या आर्डुइनोवरचे जेमतेम 2 टक्के प्रकल्प स्त्रियांचे होते. लिलीपॅडवरचे 65 टक्के. दोन्हींतली चिप एकाच घराण्यातली. सुई-दोरा हातात दिल्यावर एवढा फरक पडला. 2017 पासून फॅब लॅबच्याच जाळ्यात कापडासाठी ‘फॅब्रिकॅडमी’ हा स्वतंत्र अभ्यासक्रम चालतो.

पाबळचं नाव अजून शेती आणि ऊर्जेच्या कामासाठीच घेतलं जातं. कपड्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारे शिवणाचे आणि सर्किटचे दोन्ही हात तिथे एकाच आवारात तयार होतात, ही गोष्ट आपल्या डिझाइनच्या कॉलेजांनी लक्षात घ्यायला हवी.

सामानासाठी परदेशाकडे डोळे लावायची गरज नाही. सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटहून मेट्रोने पुढचंच स्टेशन मंडई. तिथून रविवार पेठेत जरी, लेस, टिचबटणं मिळतात आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एलईडी, वायर, सेल. जरी विकत घेताना मल्टीमीटरच्या दोन्ही टोकांनी धागा दाबून बघावा. तांब्या-चांदीची असेल तर मीटर बीप करतो. प्लास्टिकची चमकी गप्प बसते. वाहक धागा मशीनवर वापरायचा तर बॉबिनमध्ये भरावा, वरून साधा दोरा. अधिक आणि उणे यांचे टाके एकमेकांवरून नेऊ नयेत, नाहीतर शॉर्ट झालंच. गाठीचं शेपूट कापून वर नेलपॉलिशचा थेंब द्यावा. धुण्याआधी सेल काढावा.

स्वारगेट-मुकुंदनगर भागात शिवणाचे क्लास चालवणाऱ्या ताईंना एकच विनंती: पुढच्या बॅचला फॉल-पिकोच्या जोडीला एक बटणसेल, एक एलईडी आणि हातभर वाहक धागा द्या. मल्टीमीटर तपकीर गल्लीत काहीशे रुपयांत मिळतो.