शनिवारचा रस्सा आणि धर्मन्यायालय

पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये चुलीवरचे एक भांडे माणसाला जिवंत जाळण्याच्या शिक्षेपर्यंत नेऊ शकत होते. भांड्यात विष नसे. असत ते काबुली चणे, कांदा, वांगी, एखादी पालेभाजी, धणे, जिरे, मिरी. ऐपत असेल तर मांस आणि केशर. (मिरची आणि टोमॅटो येथे शोधू नयेत. ते अमेरिकेतून यायचे होते.)

या पदार्थाचे नाव अदाफिना. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'पुरलेले'. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत विस्तव पेटवणे निषिद्ध. म्हणून शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वीच कांदा ऑलिव्हच्या तेलात परतायचा, भिजवलेले चणे, भाज्या व मसाला घालून पाणी ओतायचे, घट्ट झाकण लावायचे आणि भांडे निखाऱ्यांत व राखेत पुरून ठेवायचे. रात्रभराच्या मंद आचेवर चणे मऊ होत, रस्सा दाट होई. शनिवारी गरम जेवण तयार आणि नियमही अबाधित!

यात गुप्त असे काहीच नव्हते. चौदाव्या शतकातील हुआन रुइस या ख्रिस्ती पाद्र्याच्या 'लिब्रो दे बुएन आमोर' या काव्यातही अदाफिनाचा उल्लेख येतो.

चित्र पालटले ते १३९१ च्या ज्यूविरोधी दंगलींमुळे. जीव वाचवण्यासाठी हजारो ज्यूंनी बाप्तिस्मा घेतला. या बाटलेल्यांना 'कॉन्व्हर्सो' म्हणत. १४७८ मध्ये पोपने स्पेनच्या राजा-राणीला इन्क्विझिशन स्थापण्याची अनुमती दिली आणि १४८१ मध्ये सेव्हिल येथे पहिली माणसे जाळली गेली. येथे एक बाब नीट ध्यानात घ्यावी. या न्यायालयाचा अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवरच चाले. १४९२ च्या हद्दपारीपर्यंत शेजारच्या ज्यू घरात तेच भांडे शिजले तर तो गुन्हा नव्हता. कॉन्व्हर्सोच्या घरात मात्र तो धर्मद्रोहाचा पुरावा होता.

मनातली श्रद्धा पाहणार कशी? स्वयंपाकघर मात्र दिसते. चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या फर्मानांत 'खुणा' सांगितल्या जात: शनिवारी स्वच्छ कपडे घालणे, शुक्रवारी दिवे लावणे, शनिवारचे अन्न शुक्रवारीच शिजवणे. चणे तर ख्रिस्ती घरांतही शिजत. प्रश्न होता तो वेळेचा आणि स्निग्धाचा. इतिवृत्तकार आन्द्रेस बेर्नाल्देस स्वतः पाद्री. कॉन्व्हर्सो अदाफिना सोडत नाहीत, डुकराच्या चरबीऐवजी तेल वापरतात, अशी तक्रार तो किळसेने नोंदवतो.

साक्ष बहुधा घरातूनच येई. कांदा कशात परतला, भांडे कधी चढले, हे मोलकरणीइतके कोणाला ठाऊक असणार? साक्षीदाराचे नाव आरोपीला सांगितले जात नसे. वैरामुळे खोटी साक्ष दिली, असा बचाव करायचा तर आरोपीने आपल्या शत्रूंची नावे स्वतःच आठवून द्यायची. त्यामुळे कैदेत बसून बायका जुनी भांडणे आठवत: कोणत्या मोलकरणीला कामावरून काढले, कोणत्या शेजारणीशी बिनसले. अंदाज चुकला तर बचावही कोसळे.

स्पेनमधील चणे आणि डुकराच्या मांसाचा 'कोसिदो' हा याच भीतीतून घडला, असे अनेकदा सांगितले जाते. अदाफिनात डुक्कर घातले की झाला कोसिदो! कथा आकर्षक आहे, पण तिच्यावर सरसकट विसंबू नये. मांस आणि चणे एकत्र शिजवायला भीतीचीच गरज नसते.

हेच तर्कशास्त्र पुढे पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरले. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले. त्याच्या १७३६ च्या फर्मानात स्थानिक ख्रिस्त्यांना हिंदूंप्रमाणे भात बिनमिठाचा शिजवून मीठ मागाहून घालण्यास मनाई होती. तेथील न्यायालय १८१२ मध्ये बंद झाले, स्पेनमधील १८३४ मध्ये. मोरोक्कोतून आलेल्या ज्यू कुटुंबांत 'दफिना' आजही शुक्रवारी चढतो आणि शनिवारी उतरतो.