नगरातील बिनदाखल्याचे रहिवासी

माणसाने धान्याची कोठारे बांधली तेव्हा उंदीर आले, आणि उंदरांमागून मांजर आले. खरकटे उकिरड्यावर पडू लागले तसे कुत्रेही दाराशी येऊन बसले. हे प्राणी नगरावर चालून आलेले नाहीत. नगराच्या राहणीनेच त्यांना आश्रय दिला आहे. तरीही त्यांची संख्या वाढली की राज्यकर्त्यांना पहिला उपाय सुचे तो हत्येचा.

मुंबईत १८३२ च्या जूनमध्ये पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली होती. पारशी धर्मात कुत्र्याला पावित्र्याचे स्थान असल्यामुळे तो समाज क्षुब्ध झाला आणि शहरात दंगल उसळली. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांनी पांजरपोळ स्थापन केली. जीवदयेला हक्काचे घर मिळाले खरे. परंतु पांजरपोळीच्या जागेला मर्यादा असते, प्राण्यांच्या वंशवृद्धीला नसते.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विषयाला तोंड फोडले आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. याच कायद्याखाली २००१ साली कुत्र्यांविषयी नियम आले. त्यांचे सूत्र असे, की प्राणी पकडावा, निर्बीज करावा, त्याला रेबीजची लस टोचावी आणि मूळ जागी सोडावा. या सूत्रामागे केवळ भूतदया नाही. अन्न आणि आडोसा कायम असता जागा रिकामी केली, तर तेथे नवे, लस न टोचलेले प्राणी येतात.

दिल्लीत या सूत्राची कसोटी २०२५ साली लागली. रेबीजने मुलांचे बळी जातात, ही चिंता खरीच होती. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम व फरीदाबाद येथील मोकाट कुत्री आश्रयस्थानांत नेण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला: रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळून इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ भागात सोडावे. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, रेल्वे-स्थानके यांसारख्या जागांपुरता मात्र त्यांना तेथून कायमचे हलविण्याचा आदेश झाला.

या साऱ्या वादात मांजराचे नाव क्वचितच निघाले. वास्तविक चैत्रात जन्मलेली मांजरी मार्गशीर्षापर्यंत आई होऊ शकते, कारण तिचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो. वस्तीतील दोन-चार मांजरे निर्बीज करून थांबले, तर उरलेली मांजरे अल्पावधीत ती तूट भरून काढतात. म्हणून एका गल्लीतील सगळी मांजरे एकाच वेळी हाताळावी लागतात, आणि निर्बीज केलेल्या मांजराच्या कानाचे टोक किंचित कापून खूण ठेवावी लागते. रोज दूध-भात घालणाऱ्या गृहिणीला त्या गल्लीची शिरगणती तोंडपाठ असते. पालिकेने तिला अपराधी न मानता सहकारी मानले, तर निम्मे काम हलके होते.

लाठी आणि पांजरपोळ या दोहोंचा अनुभव नगरांनी घेतला आहे. आता हवी आहे ती नित्याची, मोजदाद ठेवणारी व्यवस्था. तिला ना दंगलीची वाट पाहावी लागावी, ना न्यायालयाच्या हुकमाची.