पावसाळ्यापूर्वीची गुरांची निगा : चारा, पोषण आणि आरोग्य

गोव्यातील गोपालकाच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत कठीण काळ वैशाख-ज्येष्ठाचा. हिरवा चारा आटलेला, भाताचा पेंढा संपत आलेला आणि जनावर रोडावलेले. अशा क्षीण अवस्थेतच त्याला पावसाळी रोगांना तोंड द्यावे लागते. म्हणून पावसाळ्याची खरी तयारी उन्हाळ्यातील वैरणीपासूनच सुरू होते.

चाऱ्याचे प्रमाण

चाऱ्यातील पाणी वगळून उरणारा भाग म्हणजे शुष्क पदार्थ. जनावराला दररोज वजनाच्या सुमारे अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ लागतो. ४०० किलो वजनाच्या संकरित गाईस ही गरज १० ते १२ किलो असते. गोव्याची देशी ‘श्वेतकपिला’ गाय लहान चणीची असल्याने तिला त्या मानाने कमी चारा पुरतो.

पेंढ्याची मर्यादा

भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात. शिवाय त्यातील ऑक्झलेट आहारातील कॅल्शियम बांधून ठेवते. केवळ पेंढ्यावर ठेवलेले जनावर पोट भरूनही उपाशीच राहते. यावर युरिया-प्रक्रिया हा स्वस्त उपाय आहे. १०० किलो पेंढ्यावर ५० लिटर पाण्यात ४ किलो युरिया पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, पेंढा दाबून प्लॅस्टिकने हवाबंद झाकावा आणि २१ दिवसांनी उघडावा. खाऊ घालण्यापूर्वी तो पसरून वास जाऊ द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांना हा पेंढा देऊ नये. युरियाचे द्रावण विषारी असल्याने जनावराच्या तोंडी लागता कामा नये. मोठ्या जनावराच्या आंबोणात दररोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण घालावे.

हिरव्या गवताचा भ्रम

मृगाच्या सरींनंतर डोंगर हिरवे होतात आणि वैरण थांबवली जाते. परंतु कोवळ्या गवतात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते. १० किलो शुष्क पदार्थासाठी गाईला असे ५० किलोंहून अधिक गवत खावे लागेल. आहारातील आकस्मिक बदलाने हगवण किंवा पोटफुगीही होते. म्हणून आठ-दहा दिवसांत गवत क्रमाक्रमाने वाढवावे आणि चरायला सोडण्यापूर्वी थोडा पेंढा द्यावा.

लसीकरण

घटसर्पात तीव्र ताप येतो, गळा सुजतो, श्वास घरघरतो आणि एक-दोन दिवसांतच जनावर दगावू शकते. लसीची प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून ही लस दरवर्षी मे महिन्यातच टोचून घ्यावी. लाळ-खुरकताची लस दर सहा महिन्यांनी, तर सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना एकदा देतात. या दोन्ही रोगांच्या नियंत्रणासाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून सुरू आहे. जंतनाशक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लसीकरणापूर्वी द्यावे. कुपोषित व जंतग्रस्त जनावरात लसीचा परिणाम अपुरा राहतो.

नित्य निरीक्षण

रवंथ थांबणे, नाकपुडी कोरडी पडणे, कळपापासून दूर उभे राहणे ही आजाराची पहिली लक्षणे होत. गोठ्याची जमीन कोरडी ठेवावी आणि कान, कास व शेपटीखाली गोचीड तपासावेत. दोन-तीन गाईंवर चालणाऱ्या घरात एक गाय दगावणे म्हणजे जवळजवळ अर्धा संसार खचणे. हे संकट टाळण्याची वेळ मे महिन्याची आहे; जूनमध्ये ती निघून गेलेली असते.