गाणे कोणाच्या तोंडी?



रंगभूमीवरील काव्य-संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा कवींची आणि गवयांची नावे देतात. आम्ही पडलो कामगार चळवळीतले. आम्हांस पहिला प्रश्न सुचतो तो हा, की गाणे होते कोणाच्या तोंडी?

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्यात पदे म्हणायची ती सूत्रधाराने; पात्रांनी त्यांबरहुकूम अभिनय करायचा. सीतेचे दुःखही सूत्रधाराच्याच गळ्यातून यायचे. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक केले, आणि ज्याचे सुखदुःख त्याच्याच तोंडी पद आले. साकी, दिंडी या चाली लोकांच्या कानांस कीर्तनामुळे सरावाच्या होत्या; म्हणून हा नवा प्रकार त्यांस परका वाटला नाही. प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देऊन पद पुन्हा म्हणवून घेऊ लागला. फर्माईश करण्याचा हक्क त्यास मिळाला, गाण्याचा मात्र नाही!

पोवाड्याची रीत याहून जुनी आणि याहून निराळी. शाहिराने डफावर थाप मारून ओळ टाकावी आणि मागच्या झीलकऱ्यांनी ‘जी जी’ करीत ती उचलावी. १९४४ साली मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा ही रीत गिरणगावाच्या कामी आली. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही गिरणीत राबलेले. समोर जमिनीवर बसलेल्या कामगाराचेच जिणे कवनात असे. मग ध्रुपद त्याच्या ओठी यायला शिकवणी कशाला हवी? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही भाषणाआधी शाहिराचा डफ सभा बांधून ठेवी.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, आणि ध्रुपद उचलणारा तो श्रोता पांगला. शाहीर अजून आहेत. पण पुष्कळ ठिकाणी लोक टाळी देतात आणि गप्प बसतात.

आमच्या संघटनेच्या कामातही आम्ही हेच पाहतो. पुढारी एकटाच बोलतो आणि सभासद नुसती मान डोलावतात, ती संघटना पुन्हा सूत्रधाराच्या जमान्यात गेली म्हणून समजावे. तेव्हा श्रोतेहो, तिकीट काढून जा की फुकट जा, जाताना कानांबरोबर गळाही घेऊन जा. शाहिराने ओळ टाकली, तर ती खाली पडू देऊ नका.