रूटच्या अधिकाराची वाटणी
युनिक्स संगणकप्रणालीत सत्तेची मूळ रचना अगदी साधी होती. शून्य हा ओळखक्रमांक धारण करणाऱ्या 'रूट' या खात्याला कोणतीही फाइल वाचण्याची, बदलण्याची वा पुसून टाकण्याची मुभा असे आणि इतरांना ती नसे. 'सु' ही आज्ञा देऊन व रूटचा पासवर्ड सांगून कोणालाही रूट होता येई. मात्र हा पासवर्ड एकच असल्यामुळे तो चौघांना ठाऊक झाला की घडलेल्या चुकीचा कर्ता ओळखणे अवघड होई. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सने ही वाट 'व्हील' नावाच्या गटातील सदस्यांपुरतीच खुली ठेवली. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांना अशी मूठभरांची सत्ता तत्त्वतः अमान्य होती, म्हणून त्या प्रकल्पाच्या 'सु'मध्ये हे बंधन जाणीवपूर्वक वगळण्यात आले. हा वाद तांत्रिक कमी आणि राजकीय अधिक होता.

अधिकार न वाटता काम वाटून देण्याची सोय युनिक्सचे सहनिर्माते डेनिस रिची यांच्या 'सेटयूआयडी' या कल्पनेत आधीच होती. ही खूण असलेला प्रोग्राम तो चालवणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. याच पायावर बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफलो येथील संगणकशास्त्र विभागात, व्हॅक्स-११/७५० यंत्रावर, 'सुडो' रचले. आज प्रचलित असलेले सुडो सामान्यतः रूटचा नव्हे, तर वापरकर्त्याचा स्वतःचाच पासवर्ड विचारते, कोणाला कोणती आज्ञा चालवता येईल हे 'सुडोअर्स' या फाइलीत पाहते आणि प्रत्येक वापराची नोंद ठेवते. या नोंदीमुळे अधिकाराला उत्तरदायित्व जोडले गेले, आणि तेच सुडोचे खरे मोल आहे.

पुढे कोलोराडो विद्यापीठात सुडोमध्ये भर पडली आणि १९९४ पासून टॉड मिलर यांनी त्याची देखभाल हाती घेतली. २००४ मध्ये आलेल्या उबुंटू या लिनक्स प्रणालीने रूटचे खाते पासवर्डविना कुलूपबंद ठेवून प्रणाली बसवताना निर्माण होणाऱ्या पहिल्या वापरकर्त्याला सुडोद्वारे सर्वच आज्ञांची परवानगी दिली, त्यामुळे नोंद टिकली तरी कामागणिक अधिकार तोलून देण्याचा मूळ हेतू घरगुती संगणकांवर बव्हंशी बाजूला पडला. शिवाय सुडो स्वतः रूटच्या अधिकाराने चालत असल्याने त्यातील दोष साऱ्या प्रणालीला भोवतो: २०२१ मध्ये उघडकीस आलेली एक त्रुटी २०११ पासून त्यात होती, आणि सुडोअर्समध्ये नाव नसलेल्या वापरकर्त्यालाही तिच्या आधारे रूट होता येत होते.